फुकटचं प्यादं

आबाजी राऊत बुद्धिबळ खेळत ते दवंडी पिटल्यासारखे. साधं प्यादं एक घर सरकवायचं असलं, तरी ते पटावर ठाणकन आपटायचं आणि वखारीच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, "वजिरापुढचं प्यादं, एक घर!" घोडा हलवला की, "घोडा उंटाच्या म्होरं!" अहो, समोर बसलेल्याला देवानं डोळे दिलेत ना? मी दुपारी माझ्या सरकीच्या दुकानात जरा पाठ टेकावी, तर शेजारच्या वखारीतून आबाजींचा हत्ती चाल करून येई आणि माझी झोप मोडे. मी हजारदा भांडलो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुले कान हायेत, त्याले मी काय करू?"

ओरडणं एक वेळ मी सहन केलं असतं. संताप यायचा तो त्यांच्या फुकटच्या प्याद्याचा.

आमच्याकडे तेव्हा डाव मांडायची एक रीत होती. पट अंथरला की दोघांनीही पहिल्या काही चाली एकदमच करून घ्यायच्या, आपापल्या अर्ध्या भागात. कोणी बोलायचं नाही, कोणी कोणाला अडवायचं नाही. राजा आत, हत्ती जवळ, प्याद्यांची भिंत पुढे. याला कोट बांधणं म्हणत. कोट बांधून झाला, तपकिरीची चिमूट ओढली, की मग लढाई. वाडवडील असंच खेळले आणि सुखानं मेले. एके काळी आबाजींसारखा कोट अख्ख्या अमरावतीत कोणी बांधत नसे. लोक नुसता तो बघायला यायचे.

आणि एका वर्षी या माणसाला काय अवदसा आठवली कोण जाणे! कोट बांधणं बंद. "एक तू चाल, एक मी चालतो," म्हणायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चालीलाच एक प्यादं सरळ शत्रूच्या तोंडात नेऊन द्यायचं. घ्या! फुकट!

"आबाजी, प्यादं गेलं तुमचं," मी म्हणे.

"जाऊ दे ना बे. प्यादं काय मेल्यावर उरावर बांधून नेतं? देल्लं का मैदान खुलते."

आता खरं सांगायचं तर आमच्या गावात हे चालूनही जाई. कारण ते दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसासाठी तोंड वासून बसलेल्या. भाव असा चढला की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. मिळेल ते उचलायचं, हा गावाचा स्वभावच होऊन बसला होता. आबाजींनी प्यादं पुढे केलं की समोरचा ते झडप घालून घेई, आणि मिशीला पीळ देतो न देतो तोच त्याचा राजा उघड्यावर येई. वखारीचे मालक गुलाबशेठ तर रोज प्यादं घेत आणि रोज मात खात. शहाणपण म्हणून नाही!

पण अकोल्याचे रहमानमिया गुलाबशेठ नव्हते. मोर्णेकाठचा हा रंगारी. त्यांनी रंगवलेल्या पागोट्याशिवाय अकोल्यात नवरदेव घोड्यावर बसत नसे. पटावर त्यांच्यासमोर टिकणारा वऱ्हाडात एकच माणूस, तो म्हणजे आबाजी. कापसाचा हंगाम सरला की दोन्ही गावांचा सामना व्हायचा, आणि जिंकणाऱ्या गावाकडे वर्षभर मानाचा पट राहायचा. लाल-हिरव्या कापडाचा, जरीच्या काठाचा. आबाजी कोट बांधत होते तोवर तो पट कधी इकडे, कधी तिकडे असे. त्यांनी फुकटचं प्यादं सुरू केलं आणि पट अकोल्याला जाऊन बसला तो बसलाच. रहमानमिया शांतपणे प्यादं घेत, अचूक वेळेला आपलंही एक प्यादं सोडून देत आणि आबाजींचा चेंदामेंदा करत. कच्च्यापुढं चालतं ते पक्क्यापुढं चालत नाही, हे आमच्या गुलाबशेठनासुद्धा कळत होतं, म्हणजे बघा!

त्या वर्षी मी हट्टालाच पेटलो. अकोल्याला जाताना आबाजींना माझ्या बैलांच्या दमणीत घातलं आणि मूर्तिजापूरच्या मुक्कामावर बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली.

"यंदा कोट बांधीन म्हना."

"बांधीन."

"आन ओरडनार नाई म्हना."

 आबाजी बैलाला गूळ चारत राहिले.

रहमानमियांच्या अंगणात निळीच्या रांजणांशेजारी डाव मांडला. अर्धं अकोलं जमलेलं. मिया नेहमीसारखे ताठ बसले, डोळे अर्धवट मिटलेले, बोटं मोहऱ्यांवरून हलकेच फिरत होती. समोरच्याची चाल बघायचीही यांना गरज वाटत नाही, या घमेंडीचा मला फार राग यायचा. आबाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, खाकरले, आणि अंगणभर आवाज घुमला, "एक तुमी, एक मी! राजापुढचं प्यादं, एक घर!"

तिसऱ्या चालीला प्यादं दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत हरले.

मी रागानं लाल झालो होतो. "शपथ घेतली होती ना तुमी?"

"बैल तुहा होता. तुह्या बैलाची शपथ मले कायले लागते?"

अंगण रिकामं झालं. मियांच्या सुनेनं पानाचं तबक आणून मध्ये ठेवलं. मी काही आणखी बोलणार, तेवढ्यात आबाजी डावातल्याच आवाजात ओरडले, "पान तुमच्या उजव्या हाताले, मिया! चुना त्याच्या म्होरं!"

डाव तर संपला होता. हरण्यानं म्हातारा खुळावला की काय, असं वाटून मी वर बघितलं. मियांचा हात सतरंजीवरून हळूहळू सरकत होता. बोटं तबकाच्या काठाला लागली, काठावरून पानाला लागली, आणि मग पुढे चुन्याकडे गेली. मी त्यांच्या डोळ्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. दोन्हींत मोतीबिंदू पिकला होता.

परतीच्या वाटेवर मी नुसते बैल हाकत होतो. आबाजींना ते सहन होईना.

"बोल ना बे! शिव्या दे ना!"

"मियाले दिसत नाई?"

त्यांनी मला असं काही झापलं की बैल बिचकले. "कोनापाशी बोल्ला त जीभ उपटीन तुही! रंगाऱ्याले रंग दिसत नाई म्हनल्यावर उद्या कोन पागोटं टाकीन त्याच्याकडे? पोराचा हात अजून बसाचा हाय रंगात. बसला का मंग बोंबल गावभर."

हळूहळू सगळं उलगडलं. कोट बांधताना दोघं एकदम मुक्यानं चालतात. त्यातलं मियांना काहीच कळायचं नाही. एका वर्षी त्यांनी आपलाच उंट चुकीच्या घरात ठेवला आणि हसून वेळ मारून नेली. आबाजींनी ते ओळखलं. एकेक चाल, तीही बोलून, आणि सुरुवातीलाच मारामारी करून पट मोकळा केला की डोळ्यांवाचूनही मियांना सगळा डाव डोक्यात धरता येई. फक्त अकोल्यात ओरडलं असतं तर लोकांना शंका आली असती. म्हणून या माणसानं सगळ्यांशीच ओरडून खेळायला सुरुवात केली आणि गावभर वेडा ठरला.

"पन हे प्यादं उस्तादापुढं चालत नाई, आबाजी."

"थे काय मले समजत नाई? कोट बांधला असता त आजबी जितलो असतो."

"मंग मियानं सांगतलं तुमाले, असं खेळा म्हनून?"

"त्यानं सांगतलं नाई. मी इचारलं नाई." मग म्हणाले, "घरी पोरं कापसाच्या भावाबिगर बोलत नाईत. आयक वामन, माह्यासंगं बोलनारा थोच एक हाय. थो बी पटावर. थो पट बंद झाला त मी कोठं जाऊ?"

अमरावतीला पोचलो तर गुलाबशेठ वखारीत कापसाच्या गासडीवर वाटच बघत बसले होते. "देल्लं ना प्यादं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आबाजींना बोलायचा ठेका माझा. मी कमरेवर हात ठेवले आणि रोजच्यापेक्षा मोठ्यानं त्यांचा उद्धार केला. मग पट ओढला, समोर बसलो, त्यांचं प्यादं घेतलं आणि छप्पर उडेल असा ओरडलो, "उंटानं प्यादं मारलं!"

"हा रोग लागते वाटते," गुलाबशेठ म्हणाले.

मी त्यांच्यावरच उखडलो. मुक्यासारखं काय खेळता? चाल केली तर माणसाला सांगायची रीत आहे की नाही? वखारीत जो जो गुपचूप चाल करी, त्याच्याशी मी भांडलो. हंगामभर भांडलो. लोक कंटाळून का होईना, बोलून चालायला लागले. कोट बांधायची रीतही हळूहळू मागे पडली.

पुढच्या सामन्याला रहमानमिया पोराचा हात धरून अमरावतीला आले. वखारीत चार पटांवर डाव चालू होते आणि चारही पटांवर नुसता गिल्ला. घोडा इकडे, हत्ती तिकडे, शह, घेतलं प्यादं! मिया दारातच थबकले. चेहरा जरासा वळवून त्यांनी एकेका कोपऱ्याचा आवाज ऐकला.

"क्या आबाजी," ते म्हणाले, "तुमचं सारं गावच बहिरं झालं काय?"

"बिलकुल बहिरं, मिया!" आबाजी ओरडले. "या, दोन पावलं म्होरं, डाव्या हाताले बैठक!"

आणि मिया बसले तसं आबाजींनी माझ्याकडे न बघताच तबकातलं एक पान माझ्या हातात ठेवलं.