लेथच्या तोंडात अक्षता

एका जंगलात लेथ मशीन होतं. दात काढू नका, मुलांनो. जिथे सिंह राज्य करतो आणि कोल्हा प्रधान असतो, तिथे लोखंड कातायचं यंत्र का नसावं?

ते आणलं होतं विहिरीसाठी. उन्हाळ्यात नदी आटली आणि नेमका तेव्हाच विहिरीवरच्या रहाटाचा लोखंडी आस मोडला. चितळी नावाच्या हरिणीचं पाडस तहानेनं मलूल झालं होतं. ती रोज झिपरू अस्वलाच्या दारात येऊन बसायची. झिपरू म्हणजे जंगलातला एकुलता एक मिस्त्री.

"मामा, आस कधी हो होणार?"

"मशीन येऊ दे गं. आलं की झालाच समज."

मशीन आलं. पण त्याच्या फिरत्या दांड्याचं, म्हणजे स्पिंडलचं, तोंड मोठं आणि त्यात बसवायचं, कातायचा दांडा टोकावर तोलून धरणारं सेंटर लहान. अशा वेळी मधे स्लीव्ह घालतात. स्लीव्ह म्हणजे निमुळती पोकळ नळी. बाहेरून ती मोठ्या तोंडात घट्ट बसते, आतून लहान सेंटरला धरून ठेवते. अट एकच, तोंड आतून पुसून लख्ख हवं.

आता नवं यंत्र म्हटलं की पूजा आलीच. सिंहमहाराज जातीनं आले. त्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि मूठभर ओल्या अक्षता थेट स्पिंडलच्या तोंडात टाकल्या. यंत्रात देव कुठे बसतो, हे महाराजांना कोण शिकवणार?

झिपरूनं खांद्यावरचं फडकं काढलं.

"काय करतोस?" कोल्हेप्रधान कुजबुजले.

"आत पुसून घेतो, साहेब. एक दाणा जरी राहिला तरी स्लीव्ह तिरकी बसते."

"महाराजांच्या अक्षता फडक्यानं पुसणार? त्यांच्यादेखत?"

झिपरूला अक्कल होती, पण पोटही होतं. त्यानं फडकं परत खांद्यावर टाकलं आणि स्लीव्ह ठोकून बसवली.

मग त्यानं आस अर्धा कातला, उलटा लावला आणि उरलेला अर्धा कातला. दोन्ही अर्धे छान गुळगुळीत झाले, पण एकमेकांशी फटकून. आस वाकडा निघाला.

"स्लीव्ह कमी पडतेय," प्रधान म्हणाले. "तिच्यात अजून एक घाल."

घातली. मग तिच्यातही एक घातली. शेवटी सेंटर दाभणाएवढं उरलं आणि आस आणखीच वाकडा झाला.

"आस वाकडा नाहीच," प्रधानांनी जाहीर केलं. "रहाट जास्त सरळ आहे."

लगेच रहाट वाकडा केला गेला. विहिरीचा काठ एका बाजूनं पाडला गेला. रहाट डुगडुगत फिरू लागला. अर्धं पाणी विहिरीतच सांडायचं, उरलेलं आधी दरबारात जायचं. पाडसाला घोटभर मिळायचं, तेही नशिबात असेल तर. पण उद्घाटन मात्र झोकात झालं.

पुढे झिपरूनं तेलपाण्यासाठी स्लीव्ह बाहेर काढल्या होत्या, तेव्हा चिंगी उंदरीण स्पिंडलच्या तोंडात शिरली. भुकेली होती बिचारी. तिनं वाळलेल्या अक्षता कुरतडून फस्त केल्या.

त्यानंतर झिपरूनं जादाचा म्हणून एक आस कातला. तो असा सरळ निघाला की अस्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. चितळी तर नाचायलाच लागली.

"मामा, काठ परत बांधू. रहाट सरळ करू. दगड मी आणते!"

प्रधानांनी ऐकलं. "म्हणजे महाराजांनी उद्घाटन केलेली विहीर चूक?"

अक्षता चोरल्या म्हणून चिंगीला पकडून आणलं. दरबारात प्रधानांनी झिपरूला विचारलं, "मिस्त्री, अक्षतांनी मशीन बिघडलं होतं का?"

सगळं जंगल त्याच्याकडे बघत होतं. पाडसही बघत होतं. एवढं 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं! मला अजून राग येतो त्या अस्वलाचा.

"छे, साहेब," झिपरू म्हणाला. "अक्षतांवाचूनच ते अडलं होतं. मी आत्ताच परत घालतो."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं दाणे आत टाकले, वर स्लीव्ह ठोकली. चिंगीला तडीपार केलं. चितळीनं पाडसाला पुढे घातलं आणि चिंगीच्या मागोमाग जंगल सोडलं.

तात्पर्य : यंत्रात दाणा अडकला तर दाणा काढू नये, त्याला शोभेल अशी विहीर करावी. पाणी पुरत नसेल तर तहानलेल्यांनी निघून जावं. मग पुरतं.