कुंकू न धरणारी गाडी

डहाणू रोडला आशागडच्या रस्त्यालगत राहणारे श्री. एकनाथ चुरी यांनी २०१८ च्या उन्हाळ्यात गाडी घेतली आणि रंगाला बाधा पोहोचू नये म्हणून तिच्यात बसण्याचे स्थगित ठेवले. ते तलासरीच्या एका सरकारी कार्यालयात विस्तार अधिकारी असल्याने स्थगिती म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक होते. कार्यालयात ते पूर्वीप्रमाणेच एसटीने जात. महामार्गावरून ट्रक जातात, ट्रक धूळ उडवतात, धूळ रंगावर बसते आणि पुसायला गेले की बारीक ओरखडे उठतात, एवढी कारणमीमांसा त्यांनी एका दमात पत्नीला ऐकवली होती.

"मग घेतली कशाला?" सुषमाबाईंनी विचारले.

"गाडी घेणं वेगळं आणि वापरणं वेगळं. दोन्ही बाबी एकत्र करू नकोस."

दर रविवारी अंगणात धुलाई होई. एक बादली शाम्पूची, दुसरी फडके खळबळण्याची. आधी छप्पर, मग काचा, मग बॉनेट, चाके सर्वांत शेवटी. पुसण्याचे मऊ फडके कपाटात स्वतंत्र खणात असे आणि खणावर चिठ्ठी होती : ‘घरगुती वापरास मनाई’. सुषमाबाई म्हणत, "अहो, मला तोंड पुसायला फाटका पंचा, आणि तिला हे!" एकनाथराव शांतपणे म्हणत, "तुझ्या तोंडावर ओरखडे पडत नाहीत."

पण समुद्राची खारी हवा धुण्याने थांबत नाही. शेजारच्या वाडीतल्या चिकूचा चीक तर विनंतीलाही जुमानत नाही. म्हणून एकनाथराव बाजारात गाड्यांचे सामान विकणाऱ्या नविनभाईंच्या दुकानी गेले. नविनभाईंनी एक इवलीशी बाटली काउंटरवर ठेवली.

"कोटिंग. घरच्या घरी लावा. पाणी चिकटणार नाय, धूळ चिकटणार नाय. कायच चिकटणार नाय, साहेब."

एकनाथरावांनी रजा टाकली, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, तोंडाला मास्क लावला आणि श्वास रोखून ते कोटिंग लावले. गाडी अशी चमकू लागली की शेजारची मंडळी तिच्या दारात बघून भांग पाडू लागली. एकनाथरावांनी त्यांनाही हातभर अंतरावरून भांग पाडण्याची ताकीद दिली.

मग दसरा आला, आणि त्याच दिवशी रुचिताला बघायला पाहुणे आले.

रुचिता ही एकनाथरावांची एकुलती मुलगी. शाळेत गणित शिकवायची. मुलगा चिंचणीचा, नाव दर्शन राऊत, तारापूरला कंपनीत. सोबत त्याची आई प्रभाताई आणि बोलणी करायला मामा. एकनाथरावांच्या आई हिराबाई म्हणाल्या, "पाहुण्यांच्या समोरच गाडीची पूजा उरकू. शुभ असतं." त्यांनी वाटीत कुंकू कालवले, बॉनेटसमोर उभ्या राहिल्या आणि अनामिकेने स्वस्तिक काढले.

स्वस्तिक क्षणभर दिसले. मग त्याचे मणी झाले, ते मणी एकेक करून घरंगळले, बंपरवरून खाली टपकले आणि बॉनेट पूर्वीइतकेच स्वच्छ झाले. हिराबाईंनी पुन्हा काढले. गाडीने पुन्हा सोडून दिले. तिसऱ्यांदा त्यांनी हळद मिसळली. हळदही गेली.

"गाडीनं कुंकू नाकारलं," प्रभाताई हळूच म्हणाल्या. हळूच म्हटलेले असल्याने ते सगळ्या आळीला ऐकू गेले.

"तसं नाही हो, हे कोटिंग आहे," एकनाथराव म्हणाले.

"असेल ना. पण ज्या घरच्या गाडीवर कुंकू टिकत नाही, त्या घरची मुलगी..." मामांनी वाक्य अर्धे ठेवले. अनुभवी माणूस होता. "आमचं काही म्हणणं नाही. दिवाळीच्या पाडव्याला परत पूजा करा. कुंकू धरलं तर पुढचं बोलू."

अशा रीतीने रुचिताचे लग्न बॉनेटवर येऊन थांबले.

"मुलगा कसा वाटला ग?" सुषमाबाईंनी विचारले.

"सांगता यायचं नाही," रुचिता म्हणाली. "तो पूर्ण वेळ गाडीच्या दारात स्वतःला बघत होता."

हिराबाईंनी जाहीर केले की गाडी कुंकू धरेपर्यंत त्या तिच्यात बसणार नाहीत. तिच्यात कोणीच बसत नसल्याने या बहिष्काराचा परिणाम जाणवला नाही, पण एकनाथरावांच्या मनाला तो लागला. त्यांनी प्रथम गुरुजींचे मत मागवले.

गुरुजींनी डोळे मिटले. "वाहनानं कुंकू नाकारल्याचा शास्त्रात उल्लेख नाही. पण कोटिंगचाही नाही. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलता येईल. कुणाच्या बाजूनं बोलू?"

मग एकनाथरावांनी कोटिंगच्या कंपनीला फोन लावला.

"सर, कुंकवाचा डाग निघत नाहीये का?" पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारले.

"निघतोय हो! राहत नाहीये!"

"अभिनंदन, सर!"

"अहो, अभिनंदन कसलं? मला कुंकू ठेवायचंय."

मुलीने कुणाला तरी विचारले आणि परत आली. "सर, कुंकू आमच्याकडे बाह्य प्रदूषकांच्या गटात येतं. पक्ष्यांची विष्ठा, डांबर आणि कुंकू. तिन्हींपासून संपूर्ण संरक्षण आहे."

हा खुलासा आईला कळू नये म्हणून एकनाथरावांनी उरलेले बोलणे घराबाहेर जाऊन संपवले. मग ते नविनभाईंकडे गेले. नविनभाईंनी त्यांचे सगळे ऐकून घेतले.

"साहेब, मी काय सांगितला? कायच चिकटणार नाय. कुंकू ‘कायच’मध्ये येते."

"मग आता करू काय?"

नविनभाईंनी काउंटरखालून पॉलिश पेपर काढला. सुतार लाकूड घासतो, तो. "तळहाताएवढी जागा घासा. कोटिंग जाईल, थोडा रंग जाईल. कुंकू मग मुक्कामाला येईल."

तो कागद एकनाथरावांनी बरेच दिवस खिशात वागवला. अधूनमधून बाहेर काढून बघत आणि परत ठेवत. दरम्यान तेलात कालवलेले कुंकू, तुपात कालवलेले कुंकू, मधातले कुंकू असे सर्व प्रयोग झाले. मध थोडा वेळ थांबला, पण त्याला मुंग्या आल्या आणि मुंग्याही घसरल्या. आळीतली मंडळी संध्याकाळी खुर्च्या घेऊन बघायला येऊ लागली. कुणी म्हणे गाडीची दिशा बदला, कुणी म्हणे नाव बदला. गाडीला नावच नव्हते, म्हणून एका सद्गृहस्थांनी आधी नाव ठेवून मग ते बदलण्याची सूचना केली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी एकनाथरावांनी बॉनेट पाण्याने भिजवले आणि कागद टेकवला. सुषमाबाईंनी त्यांचा दुसरा हात धरून ठेवला होता. पहिल्या घासणीला जो आवाज झाला तो ऐकून एकनाथराव मटकन खाली बसले. पण उठले. लेकीसाठी बापाला काय काय करावे लागते, असे ते म्हणाले आणि उरलेली जागा डोळे मिटून घासली.

पाडव्याला कुंकू बसले. नुसते बसले नाही, त्या खरबरीत जागेत असे रुतले की हिराबाईंनी बोटाने खरवडून बघितले तरी हलेना. टाळ्या वाजल्या. प्रभाताईंनी स्वतः गाडीवरून नारळ ओवाळला. चहा झाला, करंज्या झाल्या, आणि मामांनी घसा साफ केला.

"आमचं मागणं काहीच नाही. हुंडा आमच्या घरात विषयसुद्धा निघत नाही. फक्त एवढंच, की मुलगी या गाडीतून सासरी येणार. मग तिला सोडून गाडी रिकामी परत जाणं बरं दिसत नाही."

"अपशकुन होतो," प्रभाताई म्हणाल्या. "एवढी कुंकू धरलेली गाडी!"

सुषमाबाईंनी नवऱ्याकडे बघितले. एकनाथरावांनी कपातली साय बोटाने बाजूला केली.

"कुठे उभी करणार?" त्यांनी विचारले.

"अंगणात," दर्शन म्हणाला.

"सावली?"

"सकाळची असते. दुपारची सवय होईल तिला."

"खारं वारं?"

"चिंचणीत घर आहे, काका. वाऱ्याला काय दार लावणार?"

"धुणार कोण? कशानं?"

"असेल कोणीतरी. जुना बनियन असतोच घरात."

एकनाथरावांचा कप बशीत वाजला. "घरात कुणाला राग आला तर आपटाआपट होते? तिच्यावर हात पडेल कधी?"

प्रभाताईंनी मामांकडे बघितले. मामांनी करंजी उचलली.

"काका, घर म्हटलं की थोडंफार होतंच," दर्शन म्हणाला.

"आणि हा रंग? असाच ठेवाल ना?"

"एकदा दिलीत की आमचीच झाली ना ती," प्रभाताई हसून म्हणाल्या. "मग ठेवू, नाही ठेवू. तुम्ही कशाला काळजी करता?"

एकनाथराव उभे राहिले. त्यांचा आवाज कार्यालयातही कधी इतका ठाम निघाला नव्हता.

"जमणार नाही."

"गाडी देणार नाही?" मामा.

"अशा घरात देणार नाही!"

पाहुणे गेले. हिराबाई देवघरात जाऊन बसल्या. रुचिता उरलेल्या करंज्यांचे ताट घेऊन वडिलांशेजारी टेकली. तिचा चेहरा अजिबात पडलेला नव्हता.

"पप्पा, छान विचारलंत सगळं. माझ्या वेळी, दसऱ्याला, काय विचारलं होतंत हो?"

"तुझ्या वेळी?" एकनाथराव आठवू लागले. "कंपनीत पर्मनंट आहे का, विचारलं."

"मग?"

"आहे म्हणाले." त्यांनी करंजी उचलली आणि परत ठेवली. "तेवढं पुरेसं वाटलं होतं ग."

"करंजी खा," रुचिता म्हणाली.

हा प्रसंग मी डहाणूपासून झाईपर्यंत अनेक घरी सांगितला आहे. लोक पोट धरून हसतात, मामांना नावे ठेवतात, प्रभाताईंची नक्कल करतात. मग हसू ओसरल्यावर डोळे पुसत प्रत्येक जण एकच चौकशी करतो : बॉनेटवरचा तो डाग शेवटी निघाला का? निघाला. पालघरच्या एका गॅरेजवाल्याने अप्रतिम काम केले, त्याचा नंबर माझ्याकडे आहे, आणि तो आजवर सगळ्यांनी लिहून घेतला आहे.

रुचिताचे पुढे काय झाले, हे मला अजून कोणी विचारलेले नाही. तुम्ही विचारणारच होतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.