सहा मोटारींची जागा

गुरुवार. मुक्काम: खोली पाच

"अहो, उठा. पाच नंबरवाले आले."

अनंत वागळे उठून बसेपर्यंत उत्तरानं दोन्ही उशा काखेत मारल्या होत्या आणि ट्रंक पायानं दाराकडे ढकलली होती. बाहेर बडोद्याचं एक कुटुंब होल्डॉल, सुरई आणि तीन मुलं घेऊन उभं होतं. अनंतनं दार किलकिलं केलं.

"पाच मिनिटं. खोली तयार करून देतो."

"तुम्ही इथे झोपला होता की काय?" बडोदेकरांनी विचारलं.

"छे. खाट तपासत होतो."

त्याच्या गालावर उशीच्या अभ्र्यावरची भरतकामाची वेल उमटली होती. बडोदेकर ती वेल बघत राहिले.

वेसाव्याच्या किनाऱ्यावरचं 'समुद्रदर्शन' हे सहा खोल्यांचं हॉटेल अनंतच्या मालकीचं होतं, आणि त्यात त्याला स्वतःला खोली नव्हती. पहिल्या वर्षी होती. मग एकदा एक नवं जोडपं दारात आलं, सगळं भरलेलं होतं, आणि अनंतच्या तोंडून "नाही" हा शब्द निघाला नाही. तो आजतागायत निघाला नव्हता. गेली सहा वर्षं दोघं नवरा-बायको जी खोली रिकामी असेल तिच्यात बिऱ्हाड मांडत. हंगामात ते आठवड्यातून चार घरं बदलत. उत्तराच्या नावानं आलेली पत्रं धाकू स्वयंपाकी आधी "बाय आज खंय आसत?" असं विचारून मग नेऊन देई.

म्हणून वरचा मजला. सहा नव्या खोल्या; पाच गिऱ्हाइकांना, एक त्यांची. उत्तरानं पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. ते तिच्याबरोबर खोलीखोलीतून फिरत होतं.

"हे बघा," सुरई आत ठेवता ठेवता ती म्हणाली, "यंदा परवानगी नाही आली ना, तर मी पार्ल्याला आईकडे जाते. तिथे निदान रोज एकाच भिंतीकडे तोंड करून झोपता येतं."

परवानगीचं उत्तर दुपारच्या टपालानं आलं.

"विषय: वाढीव मजला. रविवारी आपल्याकडे येणाऱ्या मोटारी रस्त्यावर उभ्या राहतात व अंधेरी स्टेशनाहून येणारी बस आपल्या फाटकासमोर वळू शकत नाही, अशी बसवाल्यांची तक्रार आहे. नव्या सहा खोल्यांमागे सहा मोटारींची जागा आखून, ती वापरात असल्याचे दाखवावे. पाहणी: येता रविवार, कारण गर्दी रविवारीच कळते. श्या. गुप्ते, वॉर्ड ऑफिस."

शुक्रवार. मुक्काम: खोली दोन

जागा होती. हॉटेलच्या उत्तरेला वाळूची एक लांबट पट्टी अनंतच्याच नावावर होती. तिचं आजवर काही झालं नव्हतं. त्यानं धाकूला चुन्याची बादली दिली आणि स्वतः दोरी धरली. संध्याकाळपर्यंत वाळूवर माती दाबून सहा चौकोन आखले गेले. दर चौकोनाच्या तोंडाशी नारळाएवढा एकेक आकडा. एक ते सहा.

"काय देखणं दिसतंय," अनंत म्हणाला.

"दिसतंय," उत्तरा म्हणाली. "पण 'वापरात' दाखवायचंय. मोटारी कुठायत?"

मोटारींसाठी तिचा भाऊच होता. त्याला सगळे भाऊच म्हणत. पार्ल्याला त्याचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं. रात्री तो बहिणीकडे जेवायला आला.

"अनंतराव, सहा काय, म्हणाल तर नऊ आणतो," भाऊ म्हणाला. "गिऱ्हाइकांच्या पडूनच आहेत. रविवारी दहाच्या ठोक्याला हजर."

"चालतात ना?"

"चालतात म्हणजे काय? चालत नाहीत म्हणून तर माझ्याकडे आल्यात. पण तुम्हाला उभ्याच करायच्यात ना?"

यात अनंतला काही चूक दिसली नाही.

शनिवार. मुक्काम: कोठीघर, तांदळाच्या पोत्यांमागे

"मालकांनू, भायर येवा," धाकू सांगत आला. "होड्यो इल्यो."

"येऊ देत की. समुद्र आहे."

"समुद्रात न्हय. आपल्या चौकोनात."

अनंत बाहेर धावला. चाळीसेक कोळी एका होडीला खांदे लावून "होय्या" करत ती चौकोन नंबर सहामध्ये बसवत होते. बाकीच्या पाच बसून झाल्या होत्या. रेषेच्या आत, नाक समुद्राकडे, खाली लाकडाचे ठोकळे. चारांवर नारळाच्या झापांचं छप्परही चढलं होतं. होडी नंबर एकच्या नाकाला हळदकुंकू लागलं होतं, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून रुक्मिणी उभी होती. तिच्या नवऱ्याच्या दोन होड्या होत्या आणि कोळीवाड्यात तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तिनं अनंतच्या हातात एक नारळ आणि केळीच्या पानात गुंडाळलेली दोन पापलेटं ठेवली.

"शेट, तुजं लय उपकार झालं."

"कसले?"

"कसले बोलतोस? आमची होऱ्या लावायची जागा त्या मोठ्या हाटेलवाल्यानं भिंत घालून बंद केली. त्याला वाढायचंय म्हनं. आता पावसाला होऱ्या ठेवायच्या कुठं? आठ दिस भांडनं चाललीत. यो बोलं माजी जागा, त्यो बोलं माज्या बापाची. आन सकाली बगतो तं तू नंबर घालून ठेवलंस. चिठ्ठ्या टाकल्या, भांडन मिटलं. तुज्या मनात यवरं येल असं वाटलं नवतं बग."

अनंतनं तोंड उघडलं. सहा होड्यांभोवतीचे चाळीस लोक त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

"रुक्मिणीबाई, होड्या फारच छान बसल्यात. फक्त उद्याचा एक दिवस जरा बाजूला..."

"बाजूला?" रुक्मिणी हसली. "पूजा झाली, ठोकल्यावर चढली. आता नारली पुनवेला दर्यात नारल सोडल्यावरच हालेल. शेट, बाय माहेराला आली. तिला दुसऱ्या दिवशी सासरी धाडतं का कोन?"

उत्तराकडे यावर उत्तर होतं. "होडीला तीन महिने माहेर," ती पापलेटं आत नेता नेता म्हणाली, "आणि मला पार्ल्याला जाते म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या."

"उत्तरा, परवानगी गेली."

"मग 'नाही' म्हणायचं होतं."

"तिनं नारळ दिला गं हातात."

भाऊला निरोप द्यायला हवा होता. गॅरेजमध्ये टेलिफोन नव्हता. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे होता. इराण्यानं निरोप घेतला आणि कुणा दुसऱ्याच भाऊला पोचवला. त्या परक्या भाऊनं "मोटारी आणू नकोस" हा निरोप शांतपणे ऐकून घेतला, असं पुढे कळलं.

रविवार. मुक्काम: ठरायचा होता

दहाच्या ठोक्याला भाऊ आला. मागोमाग आचके देत पाच मोटारी, प्रत्येकीत गॅरेजमधला एकेक मिस्त्री. पुढे भाऊ स्वतः चालवत असलेली डॉक्टरांची काळी, तिचं दार सुतळीनं बांधलेलं. मग वकिलांची हिरवी, जिला रिव्हर्स पडत नव्हता. मग दोन सारख्याच खाकी, मग एक बिनहॉर्नची, आणि शेवटी एका नाटक मंडळीची व्हॅन. तिच्यात अजून एक राजवाडा होता.

भाऊनं चौकोनांकडे पाहिलं आणि फाटकासमोरच ब्रेक लावला. मागच्यांनीही लावले, ज्यांना होते त्यांनी. सहाही मोटारी रस्त्यातच बंद पडल्या.

"अनंतराव, तुमच्या मोटारींच्या जागेत गलबतं आहेत."

"मला माहीत आहे. तू परत जा."

"जातो की. ढकला."

तेवढ्यात अंधेरीची बस आली. तिला फाटकासमोर वळायचं होतं. मागून रविवारच्या सहलीच्या चार मोटारी आणि दोन टांगे येऊन चिकटले, त्यामुळे तिला मागेही जाता येईना. कंडक्टर घंटी वाजवत राहिला. व्हॅनमधला राजवाडा कुणाच्या तरी धक्क्यानं अर्धा बाहेर आला आणि बसच्या टपाला टेकला. आणि बसच्या पुढच्या दारातून, हातात फाइल, डोक्यावर सोला हॅट असा एक घामाघूम गृहस्थ खाली उतरला.

"समुद्रदर्शन हेच का? मी गुप्ते. वॉर्ड ऑफिस."

श्यामकांत गुप्ते यांच्या बुटांत मऊ वाळू शिरत होती. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मोटारी मोजल्या, राजवाड्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग चौकोन बघितले.

"वागळे, मोटारी रस्त्यात आणि होड्या मोटारींच्या जागेत. मी बरोबर बघतोय ना?"

"बरोबर."

"ऊन लागल्यामुळे नाही ना दिसत असं?"

"सायेब, आदी सावलीला बस," रुक्मिणी मध्ये पडली. साहेबाचा चेहरा लालबुंद झालेला तिनं बघितला होता. "चाराच्या होरीत बस. वारा लागंल. बूट काड मातर. होरीत पायतान नाय चालत."

गुप्त्यांनी आयुष्यात कुठल्याही पाहणीला बूट काढले नव्हते. पण त्या घडीला बुटांतच अर्धा किनारा होता. ते अनवाणी होडीत चढले. झापांखाली गारवा होता, आणि समुद्रावरचा वारा नाकाकडून शिरून शेपटाकडून बाहेर जात होता. धाकूनं थंड सोलकढी दिली. मग तळलेल्या पापलेटची तुकडी. मग, साहेबांनीच ताट पुढे केल्यामुळे, दुसरी.

इकडे कालच्याच चाळीस जणांनी मोटारींना खांदे लावले. होडी काय, मोटार काय, त्यांना फरक नव्हता. उलट मोटारीला चाकं होती. "होय्या" करत त्यांनी सहाच्या सहा गाड्या कोळीवाड्यात, बोंबील सुकवायच्या रिकाम्या अंगणात नेऊन लावल्या. वकिलांच्या हिरव्या गाडीला तो वास पुढे दोन वर्षं होता, आणि त्यांनी भाऊशी तेवढीच वर्षं बोलणं टाकलं. बस वळली.

"आता साहेबांना समजावतो," अनंत म्हणाला आणि होडी नंबर चारपाशी गेला. गुप्ते फाइल उशाला घेऊन घोरत होते.

उठवायची हिंमत कुणी केली नाही. पण बसमधून उतरलेल्या पाऊणशे लोकांनी सरकारी माणूस होडीत झोपलेला बघितला, आणि हे हॉटेलच असावं असं त्यांना वाटलं. पाच मिनिटांत उरलेल्या होड्यांसमोर चपलांचे ढीग लागले. बडोदेकर होल्डॉल घेऊनच बाहेर आले.

"आम्हाला पण चार नंबरसारखी द्या. मुलं खोलीत शिजतायत."

अनंतनं रुक्मिणीकडे बघितलं.

"बसू दे," ती म्हणाली. "रिकामी होरी उदास दिसते. पन मासली आमच्याकडनं घ्यायची."

गुप्ते चार वाजता उठले, बुटांतली वाळू झटकली आणि बसमध्ये जाऊन बसले.

बुधवार. मुक्काम: जेवणघर, टेबलं जोडून

पाहणीचा अहवाल.

"जागा: आहे. आखणी: उत्तम. जागेत मोटारी: नाहीत. जागेत काय आहे: होड्या, सहा. त्या हलवता येतील काय: स्थानिक चौकशी केली. येणार नाहीत. खाली सही करणाऱ्याने होडी नंबर चारची आतून तपासणी केली; तपासणीस साडेचार तास लागले. शिफारस: वाढीव मजल्यास परवानगी देऊ नये."

उत्तरानं कागद दोनदा वाचला. अनंतला वाटलं, आता ट्रंक निघणार.

ट्रंक निघाली. पण ती फाटकाकडे गेली नाही. उत्तरा ती व्हरांड्यातून ओढत खोली तीनकडे घेऊन गेली.

"तिथे कोण आहे?" अनंतनं विचारलं.

"कोणी नाही. तिथले सहा नंबरच्या होडीत गेले, सामानासकट. येणारा जो तो होडी मागतोय. आहे कुठे तुमचं लक्ष?"

दुपारी खोली तीनच्या खिडकीला पडदा लागला. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. वाऱ्यानं तो बाहेर आला की उत्तरा हात घालून आत ओढून घेई, आणि पुन्हा बाहेर यायची वाट बघत खिडकीशीच उभी राही.

शनिवार. मुक्काम:

संध्याकाळच्या बसमधून गुप्ते उतरले. या वेळी फाइल नव्हती. बरोबर पत्नी, वळकटी आणि फिरकीचा तांब्या होता. पायांत चपला होत्या, पटकन काढता येण्यासारख्या.

"वागळे, आज खाजगीत आलोय. चार नंबर द्या."

"चार भरलीय, साहेब. सहाही भरल्यात. लोक पुण्याहून यायला लागलेत."

"मग खोली द्या एखादी."

अनंतनं किल्ल्यांच्या फळीकडे बघितलं. होड्यांची हवा इतकी पसरली होती की होडी न मिळालेल्यांनी खोल्याही भरून टाकल्या होत्या. फळीवर एकच किल्ली लोंबत होती, आणि गुप्त्यांनाही ती दिसली.

"ती तीन नंबरची ना?"

वॉर्ड ऑफिसचा माणूस होता. बायको बरोबर होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचाच होता. व्हरांड्याच्या टोकाला निळा पडदा वाऱ्यानं बाहेर आला आणि या वेळी तो आत ओढून घ्यायला हात आला नाही. उत्तरा ऐकत होती.

अनंतनं रजिस्टर ओढलं, टाक दौतीत बुडवला आणि शेवटच्या ओळीखाली लिहायला लागला. गुप्ते उलटं वाचत होते.

खोली: ३. नाव: अ. वागळे, सपत्नीक. कुठून आले: जेवणघरातून. किती दिवस राहणार:

तिथे तो जरा थांबला. मग त्यानं एक आडवी रेघ ओढली, जी पानाच्या कडेपर्यंत गेली आणि थोडी टेबलावरही उतरली.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "ती भरलीय."

आपला आवाज त्याला परक्या माणसाचा वाटला, पण बरा वाटला. गुप्ते त्या रेघेकडे बघत उभे राहिले. मग पत्नीकडे वळून म्हणाले, "शेवटची बस गेली का गं?"

"गेली," त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, तिथे माझी ओळख आहे."

"जेवणघरात करून देतो की सोय," अनंत फळीवरची किल्ली खिशात टाकत म्हणाला. "टेबलं जोडून. फक्त खिडकीकडची तीन घ्या. भिंतीकडची सारखी उंच नाहीत, कूस बदलताना कमरेत भरतं."

"तुम्हाला बरं ठाऊक," गुप्ते म्हणाले.

"तपासलीयत," अनंत म्हणाला. "आतून."