झांझिबारचा पेशंट

केनियातल्या न्यामिराच्या पाणीपट्टी कचेरीतल्या मोगाकाने आयुष्यात एकदा बायकोला सुट्टीवर न्यायचं ठरवलं, आणि हे कोणाला सांगायचं नाही, असंही त्याच बैठकीत ठरवून टाकलं. कारण उघड होतं. मोगाका झांझिबारला मौज करायला चाललाय हे कळलं असतं, तर अर्ध्या भावकीच्या पोरांच्या फिया एका रात्रीत थकल्या असत्या आणि उरलेल्या अर्ध्या भावकीची छपरं गळायला लागली असती. (लोक त्याला चिक्कू म्हणत. तो स्वतःला हिशेबी म्हणायचा. काडेपेटीतल्या काड्या मोजून ठेवणाऱ्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.)

म्हणून घरी असं जाहीर झालं की कचेरीचं ट्रेनिंग आहे, झांझिबारला. मग बायको कशाला बरोबर? तर मोगाकाचं पोट नाजूक, बाहेरचं सोसत नाही, केरूबो असली की पेज तरी करून घालील. भावकीने मान डोलावली. फुकटचं ट्रेनिंग असेल तरच मोगाका गाव सोडील, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हतीच.

पैशांची व्यवस्था त्याने फार विचार करून केली. रोख न्यावी तर पाकीटमार, कार्ड घ्यावं तर बँक दरवर्षी फी कापते. त्यापेक्षा सगळा पैसा फोनच्या खात्यात, फोन खिशात आणि खिशावर हात.

"थोडे माझ्या फोनवर टाका," केरूबो म्हणाली. "तुमचा हरवला तर?"

"माझा फोन आजवर कधी हरवलाय?"

"तुम्ही आजवर कुठं गेलाय?"

मोगाकाने बॅग भरायला घेतली.

झांझिबारच्या जाम्बियानी गावात समुद्राच्या काठी झुहुराबींचं पाहुण्यांना उतरायचं घर होतं. बिल निघताना द्यायचं. जाण्यायेण्याची तिकिटं आधीच काढलेली (एकदम काढली की सूट). त्यामुळे मोगाकाला काळजी अशी काही नव्हती, आणि काळजी नसली की त्याला करमत नसे. तो येताजाता फोनमधली शिल्लक बघायचा. चपाती खाल्ली की शिल्लक बघ, शहाळं प्यायलं की शिल्लक बघ. परतायच्या आदल्या सकाळी शहाळेवाल्याने जास्त घेतले की काय, हे तो गुडघाभर पाण्यात उभा राहून तपासत होता. तेवढ्यात मागून एक लाट आली. मोगाका बसला आणि फोन गेला.

त्याने बुडी मारून तळ चाचपला. फोनऐवजी समुद्रातलं काहीतरी काटेरी हाताला लागलं आणि पंजाला मनगटापर्यंत पट्टी बांधायची वेळ आली. नवं सिम मिळणार ते देशात परतल्यावर. केरूबोच्या फोनमध्ये बोलण्यापुरते पैसे होते, पण खात्यात खडखडाट.

झुहुराबींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या पुन्हा पोळपाटाकडे वळल्या. "घरी जाऊन पाठव रे भाऊ. तू काय पळून चाललायस?"

आता एखाद्याने देवाचे आभार मानून जेवायला घेतलं असतं. पण मोगाकाने आजवर कोणाला एक शिलिंग उधार दिला नव्हता, त्यामुळे जगात कोणी असं खरोखर म्हणतं, यावर त्याचा विश्वासच बसेना. बाई वरून गोड बोलतात, उद्या बॅगा अडवून ठेवतील, अशी त्याची खात्री पटली. त्याने केरूबोच्या फोनवरून थोरल्या भावाला, न्यामवेयाला, फोन लावला.

"दादा, अडकलोय. बिल भरल्याशिवाय सोडत नाहीत इथून."

बिलापायी माणूस अडकवून ठेवतात अशी एकच जागा आमच्याकडे लोकांना ठाऊक. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी कधीतरी वर्गणी काढून इस्पितळातून सोडवून आणलेलं असतं.

"पोट?" दादाने हळूच विचारलं.

खरं सांगायची संधी ती एवढीच होती. पण खरं सांगायचं म्हणजे ट्रेनिंगचं आलं, सुट्टीचं आलं, आणि मागून छपरं आलीच.

"पोटच," मोगाका म्हणाला.

"ऑपरेशन झालं?"

"नाही, म्हणजे, बघतायत."

"पैसे कोणाच्या नंबरवर टाकायचे?"

"झुहुराबींच्या."

"त्या मेट्रन का?"

"इथलं सगळं त्याच बघतात, दादा."

दुपारपर्यंत 'मोगाकाला घरी आणू या' नावाचा ग्रुप निघाला. न्यामवेया अध्यक्ष झाला, खजिनदार नेमला गेला, आणि झुहुराबींचा फोन जो वाजायला लागला तो थांबेना. त्या पिठाच्या हाताने एकेक नाव वाचून दाखवत होत्या. चर्चच्या बायकांनी पाठवले. कचेरीतल्या शिपायाने पाठवले. ज्याच्याशी बांधावरून मोगाकाचं बोलणं बंद होतं, त्या शेजाऱ्यानेसुद्धा दोनशे शिलिंग पाठवले. ते नाव ऐकल्यावर मोगाकाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

मग बोसिबोरी आत्याचा फोन आला.

"बाळा, कोंबडी विकली मी. ती तांबडी. तू मनाला लावून घेऊ नकोस, नाहीतरी अंडी कमीच द्यायची. दुखतंय का फार?"

"नाही, आत्या." (तोंडात नारळाच्या रसातला माकूळ मासा होता.)

"बोलवत नाहीये रे तुला. आणि तो घों घों आवाज कसला?"

मोगाकाने समुद्राकडे बघितलं. "मशीन आहे, आत्या."

"रात्रंदिवस चालतं?"

"चालतं."

"देवा रे," आत्या म्हणाली आणि तिने तिथल्या तिथे प्रार्थना सुरू केली. ती बरीच लांबली. मोगाका पट्टीचा हात छातीवर ठेवून उभा राहिला आणि माकूळ निवून गेला.

इकडे केरूबोने झुहुराबींना खरं काय ते सांगून टाकलं. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "माझ्या घराला लोक नाही नाही ते म्हणाले, इस्पितळ कोणी म्हटलं नव्हतं." बिलापुरते घेऊन उरलेले त्यांनी केरूबोच्या फोनवर परत टाकले. वर लवंगांची पुडी दिली, पेशंटसाठी म्हणून.

परतीच्या बसमध्ये मोगाकाला झोप लागेना. ज्यांच्यापासून आपण फोन छातीशी धरून पळालो, त्यांनीच सोडवलं, आणि तेही एका हाकेसरशी. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त असं काही वाटलं की बांधावरच्या शेजाऱ्याला जाऊन मिठी मारावी. त्याने ठरवलं, उतरल्या उतरल्या खरं सांगायचं आणि ज्याचे त्याचे पैसे परत करायचे. केरूबोने त्याचा धडका हात आपल्या हातात घेतला.

न्यामिराच्या स्टँडवर सगळे हजर होते. केळी वाहायचं पिकअप आणलेलं, मागे गादी अंथरलेली. समुद्रावर तुकतुकीत होऊन आलेला मोगाका बसमधून उतरला तशी कुजबुज झाली.

"सूज आहे चेहऱ्यावर," कोणीतरी म्हणालं.

मोगाका घसा खाकरून उभा राहिला. "ऐका. मी आजारी नव्हतो. इस्पितळ नव्हतंच ते. केरूबोला घेऊन मी सुट्टीवर गेलो होतो, समुद्रावर. माझ्या पैशाने. फोन पाण्यात पडला म्हणून अडकलो. तुमच्यापासून लपवलं, चुकलो. सगळ्यांचे पैसे मी परत करणार आहे."

बांधावरच्या शेजाऱ्याला हसू आवरेना.

"तू? सुट्टीवर? स्वतःच्या पैशाने?"

"अरे, आहेर द्यावा लागेल म्हणून हा माझ्या लग्नात जेवणानंतर आला होता," शिपाई म्हणाला.

"आणि वर पैसे परत करतोय," न्यामवेयाचा चेहरा गंभीर झाला. "डोक्यात गेलंय बहुतेक. औषधं कडक असतात तिकडची."

"केरूबो, सांग त्यांना," मोगाका कळवळून म्हणाला.

केरूबोने नवऱ्याकडे बघितलं, गादीकडे बघितलं, आणि पुढे ड्रायव्हरशेजारची रिकामी जागाही बघितली. "प्रवासाने थकलेत ते," ती म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

चौघांनी मिळून मोगाकाला गादीवर आडवं केलं. शेजाऱ्याने त्याचे बूट काढले. आत्याने डोकं मांडीवर घेतलं, पदराखालून नाचणीच्या पेजेचा डबा काढला आणि बिनमिठाची पेज चमच्याने भरवायला सुरुवात केली. वरून एवढ्या साऱ्यांचे चेहरे आपल्याकडे काळजीने बघताहेत, हे मोगाकाने पाहिलं आणि त्याचा बांध फुटला. चिक्कू माणूस आयुष्यभराचं साठवलेलं रडतो तसा तो हुंदके देऊन रडायला लागला.

"बघा," आत्या सगळ्यांना म्हणाली, "आणि म्हणे, दुखत नाही."