देवानं केलेला नातजावई

इंग्लंडातल्या स्लाऊच्या विहारात दर चौदा एप्रिलला चंदाबाई उजागरे माईकपाशी उभ्या राहून एकच वाक्य ठणकावून सांगायच्या, "आमच्या घरात पाहुण्याला पाणी विचारतात, आडनाव विचारत नाहीत!" टाळ्या पडायच्या. बाई दुसरीपर्यंत शिकलेली, पण वाक्य तिचं स्वतःचं होतं. ते दुसऱ्या कुणी भाषणात वापरलं तर त्या पहिल्या रांगेतून खाकरायच्या.

त्यामुळे नात धम्मशीला बेसिंगस्टोकच्या ऑफिसातला ओरिओल नावाचा पोरगा घरी घेऊन आली, तेव्हा चंदाबाईंनी त्याला काम विचारलं, पगार विचारला, दारू किती पितोस तेही विचारलं. आडनाव विचारलं नाही. आठ महिने ओठ आवळून बसल्या. आडनाव कळलं की माणसाचं पाणी, पंगत आणि पोरगी तिन्ही ठरतं, अशा मुलखात वाढलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

मग लग्नपत्रिकेचा नमुना आला. धम्मशीला उजागरे आणि ओरिओल देउलोफेउ.

विचारायचं नाही, हे खरं. पण समोर छापूनच आलं तर डोळे थोडेच मिटून घ्यायचे? त्यांनी हॅरोच्या सुप्रभाला फोन लावला. सुप्रभा विहाराची सेक्रेटरी; जगातली कुठलीही गोष्ट फोनवर शोधून द्यायची आणि शोधून झालं की चारजणींना सांगायची.

"मी विचारत नाहीये हं," चंदाबाई म्हणाल्या. "तू आपली तुझ्या मनानं बघ."

सुप्रभाने बघितलं. "चंदाताई, कॅटलान आडनाव आहे. स्पेनचा तो वरचा कोपरा नाही का, तिकडचं. अर्थ दिलाय, 'देवानं त्याला केलं'."

"कशातून केलं?"

"म्हणजे?"

"तोंडातून केलं का पायातून? आपल्याकडं देवानं मानसं केली तेव्हा कोन कुठून निघालं त्याची यादी हाये. ती यादी फाडायला आपल्या दोन पिढ्या गेल्या. आन आता ह्या घरात देवानं खास बनवलेला नातजावई आनायचा व्हय?"

"एवढंच लिहिलंय हो इथे."

एवढ्यावर चंदाबाईंचं समाधान होईना. ज्या घरात साठ वर्षं देवाचा टाक नाही की आरती नाही, त्या घरच्या पोरीच्या नावामागे हे लागणार! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बाजूला ठेवून त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि सुप्रभासाठी निरोप बोलून ठेवला. टाइप करायचं त्यांना जमत नसे. बोलायचं मात्र कधी अडलं नव्हतं.

"सुप्रभा, ह्या लोकांचं मूळ नीट काढ. कोन, कुठले, कुठं कुठं पसरले, समदं. देवाच्या तोंडातून पडलेले निघाले तर पोरगी द्यायची नाही. आन मी विचारलं म्हनून कुनाला सांगू नको."

बोट दाबलं. निरोप गेला. सुप्रभाकडे नाही, लग्नाच्या ग्रुपवर. ग्रुपात त्रेचाळीस माणसं होती, पैकी एकोणीस देउलोफेउ.

दहा मिनिटांत धम्मशीलाचा फोन. "आजी! तू काय केला हे? ओरिओलचा आई विचारते, ग्रँडमा काय म्हणाली?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सांगितली की तुला त्यांच्या सरनेमची हिस्टरी पाहिजे. ओरिजिन, मीनिंग, कुठे कुठे पसरला. यू आर व्हेरी इंटरेस्टेड."

"खोटं काहून बोललीस?"

"खोटं नाही. तू तेच बोलली. मी फक्त लग्न मोडायचा पार्ट कट केला." धम्मशीला घाईघाईने पुढे म्हणाली. "त्याची आजी इतकी हॅपी झाली, ती रविवारी येते. स्पेनहून, जिरोनातून. चार्ट घेऊन."

"चार्ट?"

"तू मागितला ना! आणि आजी, ऐक. आडनावावरून तू नाही म्हणालीस ना, तरी आम्ही लग्न करू. पण मग पुढच्या एप्रिलला तू माइकवर काय बोलणार?"

चंदाबाईंनी फोन ठेवला. समोर त्यांचे यजमान कडूबा टोस्टला शेंगदाण्याची चटणी लावत होते.

"काय म्हनती पोर?"

"माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं तिनं," चंदाबाई म्हणाल्या, आणि थंड चहा पिऊन टाकला.

रविवारी ओरिओलची आजी, नूरियाबाई, आल्या. ऐंशीची, बुटकी, ताठ म्हातारी. काखेत तिच्याच उंचीची कागदाची गुंडाळी. नमस्कार-चमत्कार होतोय न होतोय तोच तिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. कोपरे उडू नयेत म्हणून लोणच्याची बरणी, चटणीचा डबा, कडूबांच्या चष्म्याचं घर आणि ढोकळ्याची ताटली ठेवण्यात आली. अर्धा नकाशा, अर्धी वंशावळ. जिरोनापाशी लाल ठिपके दाट, मग समुद्रकाठाने खाली बार्सिलोनाकडे विरळ, एक समुद्रापार, आणि सगळ्यांत वर, ताज्या शाईचा, स्लाऊमध्ये.

चंदाबाई बुद्धाच्या तसबिरीखाली हाताची घडी घालून बसल्या होत्या. म्हातारी आपल्या बोलीत बोले, ओरिओल त्याचं इंग्रजी करी, धम्मशीला त्याचं मराठी. तिघांत फिरून बोलणं येईपर्यंत चंदाबाईंचा राग दोनदा निवून पुन्हा तापे.

"हिला म्हनावं, ठिपके राहू दे. मूळ दाखव. पहिला कोन?"

प्रश्न टेबलाभोवती फिरून पोचला. नूरियाबाईंनी वंशावळीवरून बोट खाली खाली नेलं, अगदी तळाशी. तिथे एक नाव होतं, आणि नावाच्या मागे आईबापाच्या जागी पेन्सिलीने काढलेलं एक दार.

"हा बेबी," धम्मशीला हळूच सांगू लागली, "गरिबांच्या हॉस्पिटलच्या दारात कोणीतरी ठेवून गेला. आई माहीत नाही, बाप माहीत नाही. पण रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायला पाहिजे ना. म्हणून लिहिला, देवाने ह्याला केला. अशा बेबींना हे नाव द्यायचे."

चंदाबाईंची घडी सुटली.

"म्हंजे तोंडातून नाही."

"नाही, आजी."

"पायातून बी नाही. कुनाचं ते ठाव नाही, म्हनून देवावर ढकललं."

हे उलटं फिरत पोचलं तशी म्हातारी खदखदून हसली. मग तिने काहीतरी सांगितलं, आणि ओरिओलचा आवाज थोडा खाली आला. तिच्या नवऱ्याला शाळेत फार चिडवत. तो बापाला म्हणाला, नाव बदलू या. बाप म्हणाला, ते पोर ह्याच नावावर जगलं. राहू दे.

मग म्हातारीने पेन काढलं, ओरिओलपासून धम्मशीलाच्या नावापर्यंत एक रेघ ओढली आणि तोंड वर करून विचारलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय?

"लाइट," धम्मशीला झटकन म्हणाली. "उजागरे म्हणजे ब्राइट. उजेडातले."

नूरियाबाई कौतुकाने लिहू लागल्या. कडूबा चटणीच्या डब्याकडे फार लक्षपूर्वक बघत होते. चंदाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. दारावरच्या पाटीवर पितळी अक्षरांत तेच नाव होतं. दर शनिवारी त्या स्वतः ते घासत.

"थांबा म्हनावं," चंदाबाई म्हणाल्या. "तिला सांग, हे नाव मागनं घेतलंय. कागदावर मूळ पायजे तर मूळ लिही. उकिरडे."

"व्हॉट?"

"उकिरडे. ह्यांच्या बापाला मास्तरनं शाळेत आत घेतलंच नाही. दारातूनच विचारलं, कुठं ऱ्हातो रे? पोर म्हनालं, उकिरड्यापाशी. मास्तरनं तेच लिहिलं. हिकडं यायच्या आधी मीच ह्यांच्या मागं लागले, म्हनलं बदला. मी सही शिकले ती उजागरे म्हनून शिकले."

धम्मशीलाचं तोंड उघडंच राहिलं. "आजी, तू कधी सांगितलीच नाहीस! नेव्हर!"

"कुनी विचारलंच नाही," चंदाबाई म्हणाल्या. "आपल्या घरात आडनाव विचारत नाहीत ना."

कडूबा आधी हसले. खुर्ची हलेपर्यंत हसले. आणि मग चष्मा पुसायला घर उचललं, तर कागदाचा कोपरा सुटून ढोकळ्यावर पडला.

नूरियाबाईंना सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी पेन ठेवून पेन्सिल घेतली. धम्मशीलाच्या नावामागे कडूबांच्या बापापर्यंत एक रेघ नेली आणि तिच्या टोकाला आणखी एक दार काढलं.

इतक्यात चंदाबाईंचा फोन वाजला. सुप्रभाचा निरोप: 'मूळ सापडलं का? सगळ्याजणी विचारतायत.' चंदाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. "सापडलं. त्यांचं बी दारात, आमचं बी दारातच. पोरगी द्यायची. आन आमचं जुनं आडनाव उकिरडे, लिहून घे."

बोट दाबलं.

"आजी!" धम्मशीला किंचाळली. "परत राँग ग्रुप! त्रेचाळीस लोकांना गेला!"

चंदाबाईंनी चष्मा लावून पडद्यावरची सगळी तोंडं एकदा नीट पाहून घेतली.

"ठाव हाये," त्या म्हणाल्या.