अंबादासचं चौथं उत्तर

अंबादास परीक्षेला बसायच्या आधी आमची परीक्षा घ्यायचा. आमची म्हणजे त्याच्या लेखनिकांची. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं, त्यामुळे पेपरात तो सांगणार आणि दुसऱ्या कोणीतरी लिहायचं. हे लिहिणारे आमच्या कॉलेजच्या सेवा योजनेतले स्वयंसेवक असत. बाकीची अंध मुलं मिळेल तो लेखनिक गोड मानून घ्यायची. अंबादास निवड करायचा.

निवड व्हायची कँटीनमध्ये, मुद्दाम मिक्सरच्या शेजारी. तो सांगेल ते पानभर लिहून दाखवायचं. एक मुलगा लिहिताना मोठ्यानं श्वास सोडायचा म्हणून बाद झाला. त्यानं उसासा टाकला की आपलं उत्तर चुकलं असं वाटतं, हे अंबादासचं म्हणणं. एक मुलगी बांगड्यांपायी गेली. 'हं, हं' करत लिहिणाऱ्याला तर त्यानं दुसऱ्या ओळीलाच उठवलं. शिवाय लिहून घ्यायचा मजकूर म्हणजे महापालिकेला द्यायचा खराखुरा अर्ज असायचा. पाणी चार दिवसांआड येतं, बसथांब्याचं छप्पर उडालंय, गल्लीतला दिवा बंद आहे. निवड संपली की तो सगळे अर्ज गोळा करून स्वतः देऊन यायचा.

दिव्याशी तुझा काय संबंध, असं मी एकदा विचारलं.

"मला काय करायचाय बे दिवा? पण लोकं येऊन माझ्यावर धडकतात की."

मी त्याच्या परीक्षेत पास झालो. माझं अक्षर ठळक आणि सुटसुटीत आहे, आणि मी लिहिताना गप्प बसतो. हा गप्पपणा सद्गुण आहे असं तेव्हा मलाही वाटायचं. अंबादासनं मला नियम सांगितला, "तू हात, मी तोंड. मधी डोकं कुणी घालायचं न्हाई." असं तो प्रत्येकाला सांगायचा, आणि प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचा. मीही म्हटलं.

आता मी स्वयंसेवक का झालो तेही सांगून टाकतो. दहा वाढीव मार्क आणि एक प्रमाणपत्र मिळणार होतं म्हणून. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी स्वयंसेवेचे फायदे फळ्यावर लिहिले होते. आत्मविश्वास वाढतो, ओळखी होतात, मुलाखतीत छाप पडते. मी ते वहीत उतरवून घेतले. उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावात मी वाढलो. तिथं शेजाऱ्याची मोटर बिघडली की सगळे धावतात, पण त्याचं प्रमाणपत्र कोणी देत नव्हतं.

पेपराच्या सकाळी लेखनिकानं अंबादासच्या घरी उप्पीट खाऊन निघायचं, हा दुसरा नियम. लेखनिकाचं पोट वाजलं की अंबादासची तंद्री मोडायची. घर पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. मोठी बहीण, तिला तो अक्का म्हणायचा, ताटली पुढं करायची. कोपऱ्यात त्याचे वडील बसलेले असत. घरात तेलुगू, म्हणून वडील म्हणजे नायना. पूर्वी त्याच जागी त्यांचा हातमाग होता. आता मागाचा खड्डा बुजवून सिमेंट केलेलं. नायना तिथंच बसायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. मराठी त्यांना समजायची, वाचता मात्र यायचं नाही.

लेखनिक त्या विषयाचा नको असतो. मी विज्ञानाचा आणि पेपर इतिहासाचा. तरी मी खोलीतल्या मित्राचं गाईड आणून चार दिवस वाचून काढलं होतं. अंबादासला मदत व्हावी म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो.

चौथा प्रश्न होता औद्योगिकीकरणाचा हस्तोद्योगांवर झालेला परिणाम. माझ्या गाईडात त्याचे आठ मुद्दे होते. अंबादास सांगू लागला, "आमच्या घरात एक माग होता. तो दिवसभर बोलायचा, म्हणून आम्हाला बोलावं लागत नव्हतं. तो बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आमचे नायना किती कमी बोलतात."

माझा पेन थांबला. हे काय उत्तर झालं, असं मला वाटलं. परीक्षक याला शून्य देईल. मी खाली मान घातली आणि आठ मुद्दे लिहायला घेतले. तो सांगत राहिला, मी माझं लिहीत राहिलो. पेनचा आवाज पुढं थांबला नाही, त्यामुळे त्याला शंका आली नाही. शेवटी त्यानं सुरुवात वाचून दाखवायला सांगितली. ती तीन वाक्यं माझ्या लक्षात होती. ती मी म्हणून दाखवली, वाचल्यासारखी. तो खूश झाला. हे लिहितानाही माझे कान तापतात.

निकाल लागला. त्या पेपरात अंबादास वर्गात पहिला. आमच्या घरच्या मागाला विद्यापीठानं मार्क दिले, असं तो सांगत सुटला. नायनांनी तर अख्ख्या गल्लीला सांगितलं. मला प्रमाणपत्र मिळालं. पुढं नोकरीच्या मुलाखतीत ते मी सगळ्यात वर ठेवलं होतं, आणि साहेबांनी त्याबद्दल कौतुकानं विचारलंही.

महिन्याभरानं अंबादासचा फोन आला. त्यानं विद्यापीठातून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती. नायनांना ऐकायची होती, तीही लिहिणाऱ्याच्याच तोंडून. मी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी गेलो. अंबादास दारातच उभा होता. त्यानं माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "अक्कानं काल मला वाचून दाखवलंय. मुद्दे बरे हाईत तुझे."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी काहीतरी पुटपुटलो, बहुतेक सॉरीच. त्यानं ते ऐकून घेतलं नाही.

"त्ये ऱ्हाऊ दे. नायनांना माझं ऐकव. मी त्या दिवशी बोलत गेलो, मला आता परत तसं येईना. रात्रंदिवस आठवलालोय. ऐकणारा तू एकटाच होतास. तुझ्याकडंच हाय ते."

आत नायना सिमेंटवर ताठ बसले होते. धुतलेला शर्ट घातला होता. अक्कानं माझ्या हातात झेरॉक्स दिली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि ती तीन वाक्यं म्हटली. माग दिवसभर बोलायचा, हे ऐकताना नायनांची मान हलली. तिसऱ्या वाक्याला ते अंबादासकडे बघत राहिले.

मग मी थांबलो. पुढं तो जवळजवळ पंधरा मिनिटं बोलला होता, एवढंच मला माहीत होतं. त्यातला एक शब्द मी ऐकला नव्हता.

"पुढं?" नायनांनी विचारलं.

मी कागद उगाच उलटून पाहिला. अंबादास वाट बघत होता, मान थोडी माझ्याकडे वळवून. मग त्याला कळलं. त्याचा चेहरा एकदम उतरला, आणि लगेच तो वडिलांकडे वळून हसला.

"पुढं झेरॉक्स पुसट आलीय, नायना. त्याला अक्षर लागंना."

नायनांनी हात पुढं केला आणि माझ्याकडून कागद घेतला. दाराच्या उजेडात नेऊन खालपासून वरपर्यंत पाहिला. ओळ न् ओळ काळी कुळकुळीत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ते मुलाला म्हणाले, "लई पुसट हाय." आणि कागदाची घडी करून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.