आप्पांचं ‘कशावरून’

आमच्या गावच्या साप्ताहिकात निधनाची बातमी द्यायची तर मेलेला माणूस दाखवावा लागे. मुंडण केलेला मुलगा डोळ्यांत पाणी घेऊन समोर उभा असायचा आणि संपादक आप्पा चष्म्यावरून बघत विचारायचे, “कशावरून?”

एकदा सिरसाळ्याचा एक जण आजोबांची बातमी घेऊन आला. म्हणाला, कालच सगळं उरकलं. आप्पांनी सायकल काढली, सिरसाळा गाठला, राख बघितली आणि परत येऊन चार ओळी छापल्या. वर त्यालाच दम दिला, “वय चुकीचं सांगतोस व्हय बे? शेजारची म्हातारी म्हणली, तिच्याहून थोरला होता.”

साप्ताहिकाचं नाव सांगत नाही. त्यावरून आप्पांच्या पुतण्यांची भांडणं अजून चालू आहेत. संपादक, जुळारी, छपाईवाला आणि पेपर वाटणारा, सगळं आप्पाच. स्टँडमागच्या पत्र्याच्या खोलीत पायानं चालवायचं एक मशीन, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, चार पेट्या आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. आवाज असा, की सरळ बोलले तरी भांडण चाललंय वाटावं. बहुतेक वेळा भांडणच चाललेलं असे.

या माणसाच्या गळ्यात मी पडले ती शाळेच्या कृपेनं. कार्यानुभव नावाचा विषय नवा नवा आला होता. महिनाभर कुठं तरी जाऊन काम शिकायचं. मुलींनी शिवण घ्यावं, असं बाईंनी परस्पर ठरवलं. मी नववीत होते. निबंधात वर्गात पहिली, म्हणजे अक्कल बेताची आणि विशेषणं भरपूर. मी पाय आपटले. मला पेपरातच जायचं होतं. बाई कंटाळल्या आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

“नाव?” आप्पांनी विचारलं.

“शालन.”

“कशावरून?”

मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली. “बस तिथं. हात लावू नको कशाला.”

आठ दिवस मी बसले. बसून बसून भाकरीच्या टोपल्यासारखी झाले. येणारा जाणारा आप्पांशी भांडून जाई आणि मी मधल्या वेळात बडबड करी. शाळेतलं, घरातलं, कुणाच्या वेणीला कुठली रिबीन. आप्पा खिळे जुळवत ऐकायचे की नाही, देव जाणे.

दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरींचे तळ दिसत होते. गावोगाव पाणी पोचवायचा टँकर होता सहकारी संघाकडे आणि संघ होता चेअरमनच्या खिशात. नवव्या दिवशी संघाचा सेक्रेटरी कागद टाकून गेला: तेलगावच्या रस्त्याला असलेल्या माळवस्तीवर संघाचा टँकर रोज जातो.

“उद्या वस्तीवर जाऊन ये,” आप्पा मला म्हणाले. “तुझ्या मामाच्या गावाची बस तिथूनच जाती ना? बघ आन् लिव्ह.”

मी बसमध्ये बसले. माळवस्तीच्या फाट्यावर उतरायचं होतं. पण ऊन मरणाचं, आणि मामीनं कुरडया तळायचं कबूल केलं होतं. मी सरळ मामाकडे गेले. कुरडया खाल्ल्या, आणि दुपारी पालथी पडून बातमी लिहिली. नुसतं ‘टँकर येतो’ फारच उघडं वाटलं, म्हणून घातलं: ‘सुवासिनींनी टँकरला ओवाळले. बालगोपाळांच्या मुखावर हास्य फुलले.’ काय ती भाषा! आत्ता समोर असती तर त्या पोरीच्या वेण्या धरून दोन ठेवून दिल्या असत्या.

आप्पांनी बातमी वाचली. माझ्याकडे बघितलं. “डोळ्यानं पाह्यलंस?”

“हो, आप्पा.”

मी ‘कशावरून’ची वाट बघत होते. उत्तरही घोकून ठेवलं होतं. पण ते आलंच नाही. आप्पा खिळ्यांच्या पेटीकडे वळले आणि त्यांनी बातमी जुळवायला घेतली.

पेपर निघून चार दिवस झाले आणि माळवस्तीच्या बाया छापखान्यात घुसल्या. सात-आठ जणी, काखेत रिकाम्या घागरी. पुढं गयाबाई, कपाळ मोकळं, डोळे लाल.

“कोण हाय पेपरवाला? कुठल्या सवाशिणीनं ववाळलं, दाव मला! ववाळायला ताटात तेल न्हाई, प्यायला पाणी न्हाई. म्हैना झाला, टँकरचं त्वांड पाह्यलं न्हाई आमी!”

वस्तीनं पाण्यासाठी तहसिलीत अर्ज दिला होता. कारकुनानं तो परत केला. त्याला आमच्या पेपरचं कात्रण टाचलेलं होतं. गयाबाई ओरडली, “म्हणतो, पेपरात आलंय, पाणी मिळतंय तुमाला, मग रडता कावून? आन् टँकर कुठं जातो ठावं हाय का? चेअरमनच्या मोसंबीला! आमची लेकरं डबक्यातलं पाणी पिऊन हगवणीनं पडलीत आन् त्याची मोसंबी हिरवीगार!”

मी पेटीमागे सरकले.

“खबर कुणी लिवली?”

“म्या,” आप्पा म्हणाले. “न पाहता.”

गयाबाईनं घागर उगारली आणि पेटीवर घातली. सगळे खिळे जमिनीवर. आप्पा हलले नाहीत. बाया गेल्यावर खाली बसले आणि एकेक खिळा वेचायला लागले. मी रडत रडत वेचू लागले. मला वाटलं, आता हाकलतील.

शेवटी मीच म्हणाले, “आप्पा, मला का नाही विचारलं, कशावरून म्हणून?”

खिळे वेचता वेचता म्हणाले, “हितं जो येतो तो भांडाया येतो. तू नुसतीच बोलत बसायचीस. मला वाटलं, एका मानसाचं तरी उगं खरं मानावं.” मग एकदम उखडले, “रडू नको! खिळे वल्ले होतेत!”

चेअरमनच्या वाढदिवसाला काढायचे ते सगळ्यात मोठे खिळे त्यांनी काढले आणि जुळवलं: ‘खोटी बातमी’. खाली मजकूर: माळवस्तीला पाणी नाही. संपादक वस्तीवर गेला नव्हता. माझ्या नावाचं अक्षर नाही.

बाजारच्या दिवशी बायांना घेऊन ते तहसिलीच्या फाटकात उभे राहिले आणि तो कागद मोठमोठ्यानं वाचू लागले. संपला की पुन्हा पहिल्यापासून. संघाचा सेक्रेटरी धावत आला. “आप्पा, संघाच्या छपाईचं एक काम तुमाला मिळणार न्हाई आता.”

“कशावरून?” आप्पा गरजले. “लिहून दे, छापतो!”

बाजार हसला. बाया मात्र हसल्या नाहीत, रिकाम्या घागरी आपटत राहिल्या. दुपारी तहसीलदार साहेब स्वतः बाहेर आले आणि कारकुनाला कात्रण काढून अर्ज पुढं पाठवायला लावला.

चेअरमनला कुणी काही केलं नाही. तो पुढंही निवडून आला. याचा राग माझा या वयातही गेलेला नाही, आणि माझ्या घरात मोसंबी येत नाही.

दोन दिवसांनी आप्पा म्हणाले, “टँकर निघाला म्हणतेत. जा.” या खेपेला मी फाट्यावर उतरले. शेवटची घागर भरेपर्यंत थांबले. गयाबाईनं ओळखलं नाही, पण रिकामी दिसले म्हणून नळीचं तोंड माझ्या हातात दिलं. मी घागरी मोजल्या. परत येऊन एकच ओळ लिहिली: माळवस्तीला आज टँकर आला, एकशे बारा घागरी भरल्या. विशेषण एक नाही.

आप्पांनी ओळ वाचली आणि खिळे उचलायला लागले.

“विचारा की,” मी म्हणाले. “विचारा, कशावरून.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्या पायांकडे बघितलं.

“परकर वल्ला हाय तुझा,” ते म्हणाले. “या सालात कुणाचा वल्ला असतो? जा, उन्हात हुबी ऱ्हा जरा. आन् मग ये, बोलत बस.”